जस्ताची आयुष्यभर हमी

९ जानेवारी

आजपासून दैनंदिनी. मोठी माणसं लिहितात, आणि हे वर्ष संपेपर्यंत मी मोठा माणूस झालेलो असणार, तेव्हा आधीपासून सवय असलेली बरी.

सासऱ्यांना जाऊन दीड महिना झाला. लिंडरकांप रेझर कारखान्याची खुर्ची आता माझी आहे. पण म्हातारबुवांनी जाता जाता मृत्युपत्रात पाचर मारून ठेवली: जावयाने एक वर्ष कारखाना चालवून दाखवावा, मग मुलीने आणि बहिणीने ठरवावं, त्याला ठेवायचं की घरी बसवायचं. म्हणजे माझी बायको रोसविथा आणि तिची हेडविग आत्या, वय वर्षं चौऱ्याऐंशी, या दोघींच्या हातात माझी मान. वीस वर्षं मी इथली विक्री सांभाळली. तरी झोलिंगेन गावात मी अजून कोण? मुलामा खात्यातल्या आल्विन फोसचा पोरगा, ज्याने मालकाची मुलगी पटकावली. यंदा मला ही ओळख पुसायची आहे.

आज चर्चबाहेर पाद्रीबुवांनी गाठलं. "गेरनोट, तुमच्या कारखान्याचं सात नंबर रेझर माझ्या आजोबांनी घेतलं होतं. अजून रोज त्यानेच दाढी करतो. काय पितळ आहे हो!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी आता आभार मानणार. तीन पिढ्यांत या घराने आमच्याकडून एक वस्तू घेतली, आणि वर कौतुक ऐकवतात!

घरी येताना डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची स्पर्धा पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्याशी नाहीच. आमच्याच सात नंबरशी आहे. ते मोडत नाही म्हणून नवं खपत नाही. आजेसासऱ्यांनी हे रेझर बनवून धंद्याचा गळा घोटला, आणि गावाने त्यांच्या नावाचा रस्ता केला.

२१ जानेवारी

आज लेथवरचा एवाल्ड निवृत्त झाला. त्यानिमित्त आमच्याकडची ती प्रसिद्ध कॉफीची पंगत. वाफल्स, गरम चेरी, तांदळाची खीर, मनुकांचा पाव, आणि मधोमध कथलाची ती तीन पायांची किटली, मिना. मिनाची तोटी आत्याच्या आजीच्या काळापासून ठिबकते आहे. खाली बशी ठेवतात, पण तोटी बदलत नाहीत. मी एकदा थर्मास सुचवला होता. आत्या माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती.

रिवाज असा की जाणाऱ्या माणसाला पहिला वाफल, त्यावर सगळ्यात जास्त चेरी, आणि मग रुमालाखाली झाकलेली पेटी. पेटीत त्याचं नाव कोरलेलं पितळी रेझर. एवाल्ड पेटी उघडून ढसाढसा रडला. माणूस चाळीस वर्षं रेझरं बनवतो आणि शेवटी रेझर मिळालं म्हणून रडतो. मी मनात म्हटलं, हे आणखी एक गिऱ्हाईक कायमचं गेलं.

मी भाषण करून लगेच निघालो. नेहमीच निघतो. बायकांच्या आणि कामगारांच्या गप्पांत आपलं काय काम?

३ फेब्रुवारी

नवं रेझर कशाचं करायचं यावर आज स्वयंपाकघरात बैठक. रोसविथा धातुशास्त्र शिकलेली आहे आणि ते ती विसरू देत नाही. तिने टेबलावर पाच रेझरं ओळीने मांडली. आत्या खिडकीशी विणत बसली होती. मतदार म्हणून तिला बोलवावंच लागतं.

"हे ॲल्युमिनियम," रोसविथा म्हणाली. "हलकं. वरचा थर गेला की साबणाने काळवंडतं. हे टायटॅनियम. हे घेणारा दाढी करायला घेत नाही, मित्रांना दाखवायला घेतो. हे स्टेनलेस स्टील. याला काही होत नाही, पण ते कापता कापता आपलीच हत्यारं झिजतात. हे आपलं पितळ. मऊ आहे, पण आतबाहेर एकच. मुलामा उडाला तर पुन्हा चढवायचा, की झालं नवं."

"आणि हे?" मी पाचवं उचललं. छान चकाकत होतं.

"जस्ताचा मिश्रधातू. साच्यात ओतलं की तयार. स्वस्त. वरून क्रोम. त्या क्रोमला सुईएवढं भोक पडलं की आत पाणी शिरतं, फोड येतात. मग टोपीचा स्क्रू एक दिवस हातात येतो."

"कधी?"

"नीट पुसून ठेवणाऱ्याच्या घरी बरीच वर्षं टिकेल. तुझ्यासारख्याच्या घरी नाही. फरशीवर पडलं तर त्याच दिवशी."

मी टाळीच वाजवली. इतक्या वर्षांत या घराण्यात कोणाला सुचलं नाही ते समोर पडलेलं होतं! पितळ माणसाला पुरून उरतं, स्टील त्याच्या नातवाला. दोन्ही धंद्याला घातक. जस्त मात्र समजूतदार. थोडं टिकतं, मग गिऱ्हाइकाला पुन्हा दुकानात पाठवतं.

आत्याने सुया थांबवल्या. "जावईबापू, म्हणजे आपण आता रेझरं विकायची का मोडकी रेझरं?"

"आत्या, आधी नवी विकायची. ती मोडली की पुन्हा नवी."

"अस्सं," म्हणून ती पुन्हा विणू लागली. म्हाताऱ्या माणसांना नवा विचार पचायला वेळ लागतो. रोसविथा माझ्याकडे बराच वेळ एकटक पाहत होती. लग्नाआधी अशी पाहायची.

२ मार्च

जस्ताचं रेझर तयार. नाव मी ठेवलं: "कायम". रोसविथाला नाव ऐकून ठसका लागला. पेटीवर मोठ्या अक्षरात छापलंय, आयुष्यभर हमी. आजपासून मी स्वतः रोज "कायम"नेच दाढी करणार. सेनापती पुढे चालला तर सैन्य मागून येतं.

१९ मार्च

आज मोहिमेची सुरुवात. "आजोबांचं रेझर आणा, नवं कोरं कायम फुकट न्या!" एका दगडात दोन पक्षी. लोकांच्या हातात आमचा नवा माल, आणि जुनी सात नंबरं जगातून हद्दपार. सगळी वितळवून टाकायची.

वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. पहिलं जुनं रेझर कोणी द्यायचं? मीच दिलं. माझ्या वडिलांचं. आल्विन फोसने या कारखान्यात आयुष्यभर मुलाम्याच्या हौदांवर काम केलं. बोटं पिवळी पडलेली, रविवारीही निघायची नाहीत. शाळेत पोरं चिडवायची. त्यांच्या निवृत्तीला मिळालेलं हे रेझर, दांड्यावर नाव कोरलेलं. त्यांचा अंगठा रोज जिथे टेकायचा तिथला सोनेरी मुलामा झिजून खालचं पितळ दिसत होतं. फोटोत चांगलं दिसणार नाही म्हणून मी ती बाजू खाली धरली.

पेटाऱ्यात टाकताना टण्ण असा आवाज आला. मी पेटाऱ्यात पुन्हा एकदा वाकून पाहिलं. फोटोवाल्यासाठी, दुसरं काय.

मुलामा खात्याची प्रमुख नुर्तेन शेजारी उभी होती. तिला हे काम माझ्या वडिलांनीच शिकवलं. म्हणाली, "साहेब, हे आल्विनकाकांचं ना?"

"होतं," मी म्हणालो. "भूतकाळ मागे टाकावा लागतो, नुर्तेन."

"हो ना. तुम्हाला चांगलं जमतं ते."

बाई मोजकं बोलते, पण कौतुक मनापासून करते.

९ एप्रिल

फाटकाबाहेर रांग! लोक पिशव्या भरभरून आणतात. एका आजीबाईंनी नवऱ्याचं रेझर दिलं, मग परत मागून घेऊन हुंगलं, मग पुन्हा दिलं. शेजारचा ओटमारही बापाचं रेझर देऊन गेला. पेटारे भरून तळघरात उतरवतो आहोत.

पाद्रीबुवाही आले. त्यांनी एक गंजकं पत्र्याचं रेझर टेकवलं. ते आमच्या कारखान्याचं तर नव्हतंच, मला तर ते बटाटे सोलायचं वाटलं. "आजोबांचं?" मी विचारलं. "मेहुण्याचं," ते म्हणाले. "आजोबांचं घरी आहे. ते कसं देणार?" नवं "कायम" मात्र खिशात घालून गेले. देवाच्या माणसालाही फुकटाचा मोह सुटत नाही.

६ मे

भंगारवाल्याला फोन करायचा होता. रोसविथा म्हणाली, "तू कशाला त्रास घेतोस? पितळाचं मी बघते." गुणाची आहे. रोज संध्याकाळी ती आणि नुर्तेन तळघरात असतात. पॉलिशच्या चाकांचा आवाज वरपर्यंत येतो. "कायम"ची झळाळी वाढवायचा काही प्रयोग चाललेला दिसतो. मी विचारत नाही. हाताखालच्यांना मोकळीक दिली की ती जीव ओतून काम करतात.

२८ मे

हनुवटीवर दोनदा कापलं. कागदाचे तुकडे चिकटवून कारखान्यात गेलो. न्याहारीला रोसविथाने विचारलं, "काय झालं?"

"पाणी कठीण झालंय हल्ली."

"आपल्याकडे धरणाचं पाणी आहे, गेरनोट. इतकं मऊ की साबण निघता निघत नाही."

"मग साबण बदलला असेल."

"साबण मीच आणते. तोच आहे."

शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या बायकोचा हा तोटा. टोपीच्या कडेला एक बारीक फोड आलेला दिसला, पण तो चुन्याचा डाग असणार. नखाने खरवडला, तर डागाबरोबर थोडं क्रोमही निघालं.

१४ जून

रोसविथाने इंटरनेटवर एक छोटं दुकान काढलंय म्हणे. उरलंसुरलं विकायला. मी म्हटलं, कर हो. बायकांना हौस म्हणून काहीतरी हवंच. तिने माझ्या गालावरचा कागद हलकेच काढला आणि म्हणाली, "तुझी परवानगी मिळाली, आता काळजी नाही."

११ जुलै

सहा महिन्यांचा हिशेब आला. विक्री चढली आहे, सासऱ्यांच्या काळात कधी नव्हती तितकी! मी टेबलावर मूठ आपटली, कपातली कॉफी सांडली. कुठे आहेत ते नाकं मुरडणारे?

हाम्बुर्गचे जुने व्यापारी टीडेमान यांचा फोन आला. "फोस, आणखी पाठवा हो! लोकांच्या उड्या पडताहेत. ती जडवाली पाठवा."

"आमचं नवं रेझर हलकं आहे, टीडेमान. तीच तर खुबी."

"नाही नाही, जडच. हातात घेतलं की कळतं ना, जुन्या घडणीचं. तुमच्या बाईसाहेबांना सांगा, त्यांना माहीत आहे."

बिचारे टीडेमान. वय झालं की हाताला जड-हलकं कळेनासं होतं. रोसविथाला निरोप दिला. ती म्हणाली, "आजच पाठवते."

२२ ऑगस्ट

एक किरकोळ कटकट. काही "कायम" परत येताहेत. टोपीचा स्क्रू मोडून दांड्यात अडकलेला, आटे गुळगुळीत झालेले. लोक पेटीवरची हमी दाखवून नवं मागतात. आयुष्यभर हमी म्हणजे आयुष्यभर, असं त्यांचं म्हणणं.

मी शांत डोक्याने पत्र तयार केलं. "महोदय, हमी आयुष्यभराची आहे, हे खरेच. तथापि आयुष्य रेझरचे अभिप्रेत आहे. आपले रेझर मोडले, अर्थात त्याचे आयुष्य संपले, सबब हमीही संपली." इतकं बिनतोड वाक्य मी आजवर लिहिलं नव्हतं. जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. आत्या आली होती. तिने काटा खाली ठेवला.

"जावईबापू, हे पत्र एक मला द्या. जपून ठेवते."

मी सही करून दिलं.

१० सप्टेंबर

ओटमारने गेल्या आठवड्यात एका सकाळी कुंपणावरून त्याचं मोडकं "कायम" माझ्या गुलाबांच्या वाफ्यात भिरकावलं. "माझ्या बापाचं रेझर दे!" असा ओरडला की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. बापाचं रेझर स्वखुशीने दिलंस ना, मग आता काय? मी खिडकी लावून घेतली. आज पाहिलं तर त्याचे गाल चकचकीत गुळगुळीत, आणि रोसविथाशी कुंपणापाशी हसून बोलत होता. मला पाहून आत निघून गेला. कृतघ्न.

माझ्या रेझरची टोपी आता डुगडुगते. दाढी करताना डाव्या हाताने धरून ठेवतो. नीट सराव झाला की त्रास होत नाही.

८ ऑक्टोबर

रोसविथा आणि आत्या आज वकिलाकडे गेल्या होत्या. मी येऊ का विचारलं, तर रोसविथा म्हणाली, "तुला कंटाळा येईल." खरंच आलाच असता. वर्ष सरत आलं, दोघींना निर्णय कागदावर घ्यायचा असेल. विक्रीचे आकडे त्यांच्यापुढे आहेत. मी निश्चिंत आहे.

रात्री तिने विचारलं, "गेरनोट, तुला विक्रीचं काम आवडायचं ना? गाडी घेऊन गावोगाव जायचास, दुकानदारांशी तासन् तास गप्पा मारायचास."

"ते दिवस गेले," मी म्हणालो. "आता मी खुर्चीत शोभतो."

दिवा मालवल्यावर तिने माझा हात धरला. बऱ्याच दिवसांनी.

२५ ऑक्टोबर

आज तीन गोष्टी घडल्या. नुर्तेनने विचारलं, "साहेब, तुमच्या नावात मधे वडिलांचं नाव आहे ना? गेरनोट आल्विन?" आत्याने फोन करून विचारलं, चेरी आंबट हव्यात की गोड. आणि रोसविथाने माझा काळा सूट धोब्याकडे दिला. सहा नोव्हेंबरला, रविवारी, कारखान्यात कॉफीची मोठी पंगत आहे, सगळे कामगार कुटुंबासह.

माझ्या दारावर नवी पाटी लागणार, पूर्ण नावाची. मी ओळखून आहे, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. भाषण लिहायला घेतलं. सुरुवात: "माझे वडील या कारखान्यात साधे मुलामेवाले होते..." पुढे आपण कुठवर आलो ते. लोकांना असलं आवडतं.

६ नोव्हेंबर, सकाळ

अनर्थ! डावा गाल झाला, उजव्याला साबण लावला, आणि टोपी टप्पकन तुटून बेसिनमध्ये. स्क्रू मुळापासून गेला. तुटल्या जागी आत राखाडी भुगा दिसतो आहे. खरं सांगतो, बघवला नाही.

घरात दुसरं रेझर नाही. मार्चमध्ये मी सगळी गोळा करून पेटाऱ्यात टाकली होती. रविवार, दुकानं बंद. ओटमारकडे मागायला जाणं म्हणजे जीव देण्यासारखंच. रोसविथा पहाटेच कारखान्यात गेली आहे. वाफल्सची तयारी.

ठरवलं. पाहुण्यांकडे डावा गाल करून बसायचं. भाषणही जरा वळून द्यायचं. मोठ्या माणसांचे पुतळे तसेही एका बाजूने बघायचे असतात.

७ नोव्हेंबर

लिहू की नको, असं झालंय. लिहितो.

हॉलमध्ये शिरलो तर सगळे उभे राहिले. आत्याने मला मधल्या खुर्चीवर बसवलं, मिनासमोर. मी खुर्ची उजवीकडे वळवून घेतली. वाफल्सचं ताट आलं. पहिला वाफल माझ्या पुढ्यात, त्यावर चेरींचा डोंगर. मनात म्हटलं, शेवटी कदर झाली. दोन घास खाल्लेही. समोर एवाल्ड बसला होता, तोच लेथवाला. तो माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता की मला अवघडल्यासारखं झालं. मिनाची तोटी ठिबकत होती. मग आत्याने रुमाल उचलला, आणि खाली पेटी.

हा तर जाणाऱ्या माणसाचा मान.

"आपले जावईबापू," आत्या उभी राहून म्हणाली, "यांनी या वर्षी जे केलं ते आमच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. साऱ्या गावाची सात नंबरं एका तळघरात गोळा केली. रोसविथाने आणि नुर्तेनने ती धुतली, घासली, नवा मुलामा चढवला, आणि जगभर विकली. ज्यांना आपली परत हवी होती, त्यांना परत दिली. कारखाना यंदा तरला तो जावईबापूंनी फेकून दिलेल्या मालावर. हे श्रेय त्यांचंच, कोणी हिरावून घेऊ नये." टाळ्या पडल्या. "आणि हे त्यांनी लिहिलेलं पत्र. हमीचं. हे आम्ही काचेत लावणार आहोत, पुढच्यांना कळावं म्हणून." पुन्हा टाळ्या, आणि हशा. नुर्तेन तर डोळे पुसत होती हसून हसून. "जानेवारीपासून खुर्चीवर रोसविथा बसेल. जावईबापू, वाफल गार होतोय."

मी उठलो. भाषणाचा कागद खिशात होता. पण उठताना पूर्ण वळलो, आणि सगळ्या हॉलला उजवा गाल दिसला. मग मागून कोणीतरी, आवाज पाद्रीबुवांचा वाटला, म्हणालं, "अर्धी हमी संपली वाटतं!"

त्या हशात मी बसलो. आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता. आणि तो घडवून आणणाऱ्या बायकोच्या शेजारीच मला बसायचं होतं. रोसविथा एकटी हसत नव्हती. तिने टेबलाखालून पेटी माझ्या मांडीवर सरकवली. "उघड तरी," ती हळूच म्हणाली.

"मला काढलंस तू."

"कारखान्यातून. घरातून नाही. अजून तरी." मग ती आणखी जवळ वाकली. "फेब्रुवारीत सांगितलं होतं ना तुला, जस्ताचं काय होतं ते? तू टाळी वाजवलीस. गेरनोट, मी वर्षभर वाट बघितली की तू एकदा तरी तळघरात येऊन बघशील. एकदाही आला नाहीस."

माझं नाव कोरलेलं एखादं नवं चकचकीत रेझर असेल म्हणून पेटी उघडली.

आत वडिलांचं रेझर होतं. नुर्तेनने ते पहिल्याच दिवशी, फोटोवाला गेल्या गेल्या, पेटाऱ्यातून काढून ठेवलं होतं. नवा सोनेरी मुलामा, लग्नातल्यासारखा. दांड्यावर जुन्या अक्षरात आल्विन फोस, आणि त्याखाली ताज्या अक्षरात गेरनोट आल्विन फोस. फक्त अंगठ्याच्या जागी मुलामा चढवलेला नव्हता. तिथे तेच झिजलेलं पितळ.

"हे राहिलं की," मी म्हणालो.

"राहिलं नाही साहेब, ठेवलंय," नुर्तेन म्हणाली. "काकांच्या अंगठ्यावर मी काय मुलामा चढवणार?"

एवाल्ड ढसाढसा रडला होता तेव्हा मी मनात हसलो होतो. काल मला रडताही आलं नाही. वाफल संपवला. चेरी गोड होत्या.

आज सकाळी आरशासमोर उभा राहिलो. पाटी नाही, खुर्ची नाही, एका गालावर दोन दिवसांची दाढी. रेझर हातात घेतलं. जड आहे, टीडेमान खरं बोलत होते. अंगठा आपोआप त्या झिजलेल्या जागी बसला, नेमका. वडील रोज पहाटे शीळ घालत दाढी करायचे, आणि मी अंथरुणात पांघरूण कानांवर ओढून घ्यायचो, पिवळ्या बोटांच्या बापाचा आवाज नको म्हणून. ते सगळं एकदम आठवलं आणि मग मात्र रडलो. साबणाचा फेस डोळ्यांत गेला, भयंकर चुरचुरलं.

राहिलेला गाल तीन ओढींत झाला. खाली न्याहारीला गेलो. रोसविथाने पेपरावरून डोकं वर काढून आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

"कापलं नाही?"

"नाही."

"म्हणजे पाणी मऊच आहे तर," ती म्हणाली, आणि माझ्या कपात कॉफी ओतली.